चारचे पाच करताना: छोट्या हॅचबॅकचा हब आणि स्टडांची रचना बदलण्याची रीत

चाक ज्याच्यावर बसते तो फिरणारा भाग म्हणजे हब, आणि चाकाचे नट ज्यांवर लागतात ते त्यातून बाहेर आलेले आट्यांचे खुंट म्हणजे स्टड. छोट्या हॅचबॅकला बहुधा चार स्टडांचा हब असतो आणि मनात भरलेले ॲलॉय चाक नेमके पाच भोकांचे निघते, तेव्हा या उद्योगाची सुरुवात होते. कधी कारण याहून व्यवहारी असते. त्याच गाडीच्या मोठ्या इंजिनाच्या आवृत्तीचे मोठे ब्रेक बसवायचे असतात आणि त्या ब्रेकांबरोबर पाच स्टडांचा हब ओघानेच येतो. माझ्या मते हे दुसरे कारण पहिल्यापेक्षा कितीतरी भक्कम आहे. केवळ दिसण्यासाठी हे करायचे असेल, तर आपल्या हबाला मुळातच बसणारे दुसरे चाक शोधण्यात पैसाही कमी जातो आणि जोखीमही उरत नाही. निर्णय तरीही पक्का असेल, तर पुढचे सारे काम मापांवर उभे आहे हे आधी मनात ठेवावे. नट हाताने फिरला आणि शेवटपर्यंत गेला, म्हणजे चाक बसले असे होत नाही. ते बसले की नाही हे व्हर्नियर, म्हणजे बारीक मापे घेणारी सरकती पट्टी, सांगतो.

पाना हाती घेण्यापूर्वीची मापे

सगळ्या स्टडांच्या मध्यबिंदूंमधून जाणाऱ्या काल्पनिक वर्तुळाच्या व्यासाला पीसीडी म्हणतात. ४×१०० याचा अर्थ चार स्टड आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास १०० मिमी. चार स्टडांच्या हबावर हे माप घेणे सोपे आहे, कारण समोरासमोरच्या दोन स्टडांच्या मध्यबिंदूंतील अंतर हाच पीसीडी असतो. पाच स्टडांमध्ये कोणताही स्टड दुसऱ्याच्या बरोबर समोर येत नाही. म्हणून शेजारच्या दोन स्टडांमधील अंतर मोजून त्याला १.७०१ ने गुणावे लागते. मध्यबिंदू डोळ्यांनी ठरवण्याच्या भानगडीत पडू नये. दोन शेजारी स्टडांच्या बाहेरच्या कडांमधील अंतर व्हर्नियरने घ्यावे आणि त्यातून एका स्टडचा व्यास वजा करावा. उदाहरणार्थ, बाहेरून बाहेर ७७.८ मिमी भरले आणि स्टड १२ मिमीचा असला, तर मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर ६५.८ मिमी होते आणि गुणाकार ११२ च्या अगदी जवळ जातो. म्हणजे तो हब ५×११२ चा आहे.

येथे टेपने मोजून चालत नाही. शेजारच्या स्टडांमधील अंतर ५×१०८ मध्ये ६३.५ मिमी, ५×११० मध्ये ६४.७ मिमी, ५×११२ मध्ये ६५.८ मिमी आणि ५×११४.३ मध्ये ६७.२ मिमी असते. एका रचनेतून दुसरीत जाताना फरक जेमतेम एक-सव्वा मिलिमीटरचा पडतो आणि टेपच्या टोकाची पट्टीच तेवढी हलते.

सर्वांत फसवी जोडी ४×९८ आणि ४×१०० ही आहे. यात प्रत्येक भोक अपेक्षित जागेपासून फक्त १ मिमी सरकलेले असते, त्यामुळे ९८ चे चाक १०० च्या हबावर ढकलले तर चारही नट लागतात आणि नवख्याला सारे ठीक वाटते. प्रत्यक्षात चाक एखाद्या नटाच्या शंकूवर मध्यात येते, बाकीचे नट आपापल्या बैठकीच्या, म्हणजे भोकातल्या नट टेकण्याच्या जागेच्या, एकाच कडेवर टेकतात आणि त्यांचे स्टड सतत वाकण्याचा ताण सोसत राहतात. असे चाक धावताना थरथरते, नट हळूहळू सैल होतात आणि शेवटी स्टड मानेतून तुटतो. नट घट्ट होईपर्यंत चाक हबावर सपाट टेकत नसेल, तर त्याच क्षणी थांबावे.

पीसीडीखेरीज आणखी चार गोष्टी वहीत लिहून घ्याव्यात. पहिली म्हणजे सेंटर बोअर, म्हणजे चाकाच्या मधल्या मोठ्या भोकाचा व्यास आणि हबाच्या मधल्या उंचवट्याचा व्यास. चाकाचे भोक मोठे असेल तर मधली जागा भरणारी रिंग बसवता येते. ते लहान असेल तर चाक हबावर चढतच नाही आणि ते लेथवर वाढवून घ्यावे लागते, जे प्रत्येक चाकाला मानवत नाही. दुसरी गोष्ट स्टडचे आटे: एम१२×१.२५ आणि एम१२×१.५ हे दोन्ही छोट्या गाड्यांत सर्रास आढळतात, दिसायला सारखे असतात आणि एकाचा नट दुसऱ्यावर दोन-तीन फेरे फिरतोही. त्यानंतर पान्याने जोर लावला की आटे पिचतात. आटे मोजायचा गेज हाताशी नसेल, तर ज्याचे आटे नक्की माहीत आहेत असा नट हाताने पूर्ण फिरवून खात्री करून घ्यावी. तिसरी गोष्ट नटाची बैठक. ती ६० अंशांच्या शंकूची, गोलाकार किंवा सपाट असते, आणि गोलाकार बैठकीच्या चाकात शंकूचा नट घातला तर तो केवळ एका बारीक रेषेवर टेकतो. होंडाच्या मूळ चाकांची बैठक गोलाकार असते, बाजारातली बहुतेक ॲलॉय मात्र शंकूच्या बैठकीची असतात. चाक बदलून जुनेच नट वापरणारा माणूस या फरकाला हमखास बळी पडतो.

चौथी गोष्ट ऑफसेट, म्हणजे चाकावर ईटी या अक्षरांपुढे लिहिलेला आकडा, आणि याच ठिकाणी बहुतेकांचा हिशेब चुकतो. चाकाच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबावर टेकणारा पृष्ठभाग यांतील अंतर म्हणजे ऑफसेट. ईटी जितका जास्त, तितके चाक आत जाते. ईटी कमी झाला की चाक बाहेर येते. समजा मूळ चाक ५.५ इंच रुंद आणि ईटी ४० चे आहे, नवे चाक ७ इंच रुंद आणि ईटी ४५ चे आहे. रुंदीतला फरक दीड इंच, म्हणजे ३८ मिमी, आणि तो दोन्ही बाजूंना १९-१९ मिमी वाटला जातो. नवे चाक थेट हबावर बसवले, तर ते बाहेरच्या बाजूला १४ मिमी आणि आतल्या बाजूला २४ मिमी वाढते. त्या २४ मिमीसाठी सस्पेन्शनच्या स्ट्रटजवळ, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर असलेल्या उभ्या खांबाजवळ, जागा आहे का, हे पाहावे लागते. तेच चाक २५ मिमी जाडीच्या ॲडॅप्टरवर बसवले, तर परिणामी ईटी २० होतो. आतली बाजू जवळपास होती तिथेच राहते आणि बाहेरची बाजू ३९ मिमी पुढे येते. छोट्या हॅचबॅकच्या मडगार्डाखाली ३९ मिमी सहसा मावत नाहीत. हा हिशेब कागदावर करायला पाच मिनिटे लागतात आणि तो चाके विकत घेण्यापूर्वी करायचा असतो.

टायरचा एकूण व्यास मूळ व्यासाच्या जवळ ठेवावा, म्हणजे स्पीडोमीटर आणि एबीएस (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) यांचे गणित बिघडत नाही. १७५/६५ आर१४ टायरचा व्यास सुमारे ५८३ मिमी असतो. त्याऐवजी १८५/५५ आर१५ घेतल्यास तो ५८४.५ मिमी होतो, म्हणजे फरक नगण्य आहे.

तीन वाटा, आणि त्यांतली एक टाळावी अशी

स्टडांची रचना बदलण्याच्या तीन रीती आहेत: आहे त्याच हबात नवी भोके पाडणे, मध्ये ॲडॅप्टर बसवणे आणि हबच बदलणे.

नवी भोके पाडण्याची कल्पना स्वस्त वाटते म्हणून अनेकांना आधी तीच सुचते. चारचे चार किंवा पाचचे पाच ठेवून केवळ वर्तुळाचा व्यास बदलायचा असेल, तर भूमितीच्या दृष्टीने ते शक्य असते. ४×१०० च्या हबावर ४×११४.३ ची भोके ४५ अंशांनी फिरवून पाडली, तर जुन्या आणि नव्या भोकांच्या मध्यांत सुमारे ४१ मिमी अंतर राहते. मात्र हबाची फ्लँज, म्हणजे स्टड जिच्यात बसतात ती चकती, तेवढी रुंद हवी, आणि छोट्या गाड्यांच्या हबांची फ्लँज बऱ्याचदा पूर्ण गोल नसून फुलाच्या चार पाकळ्यांसारखी असते; पाकळ्यांच्या मध्ये भोक पाडायला धातूच नसतो.

चारवरून पाचवर जाताना तर गणितच आडवे येते. चार भोके ९० अंशांवर आणि पाच भोके ७२ अंशांवर येतात. नवा संच कसाही फिरवला, तरी कोणते ना कोणते नवे भोक एखाद्या जुन्या भोकापासून ९ अंशांच्या आतच येते. त्याहून अधिक अंतर मिळवण्याची सोयच नाही. ४×१०० वरून ५×११४.३ वर जाताना हे ९ अंश म्हणजे मध्यापासून मध्यापर्यंत साधारण ११ मिमी होतात. स्टडचे भोक १२ मिमीहून मोठे असते. म्हणजे निदान एका जागी जुने आणि नवे भोक एकमेकांत मिसळणार, आणि दाबून बसवलेल्या स्टडला धरून ठेवणारी भिंत तिथे फुटकी राहणार. जुनी भोके वेल्डिंगने भरून हा प्रश्न सोडवल्याचे सांगणारे भेटतात. हब घडीव पोलादाचा असतो, वेल्डिंगच्या उष्णतेने त्याची फ्लँज वाकते आणि वेल्डभोवतीचा पट्टा ठिसूळ होण्याचा धोका असतो. चारच्या हबात पाचची भोके पाडू नयेत, एवढेच माझे या वाटेबद्दलचे म्हणणे आहे.

ॲडॅप्टर ही जाड ॲल्युमिनियमची किंवा पोलादाची चकती असते. ती जुन्या स्टडांवर नटांनी बसते आणि तिच्यातच नव्या रचनेचे स्टड दाबलेले असतात. यात गाडीचे काहीच कायमचे बदलत नाही, हा तिचा मोठा गुण आहे. पण जुन्या नटांची डोकी चकतीच्या आत बुडायला हवीत आणि नव्या स्टडांना धरायला पुरेसा धातूही उरायला हवा, म्हणून तिची जाडी साधारण २० ते २५ मिमीच्या खाली नेता येत नाही. चाक तेवढे बाहेर येते, स्टीअरिंग किंचित जड वाटते, खड्ड्यात हिसका अधिक जाणवतो आणि बेअरिंगवर चाकाचा भार लांबून पडतो. विकत घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. चकतीला हबाच्या उंचवट्यावर नेमके बसणारे भोक हवे आणि चाकासाठी तिचा स्वतःचा उंचवटा हवा. दुसरे म्हणजे जुने स्टड चकतीच्या पृष्ठभागाबाहेर डोकावता कामा नयेत. काही चाकांच्या पाठीमागे भोकांच्या मधे खळगे असतात, त्यांत ती टोके लपतात; खळगे नसतील तर चाक स्टडांच्या टोकांवर टेकते आणि चकतीवर बसतच नाही. ॲडॅप्टरचे नट पुन्हा तपासायचे तर दर वेळी चाक काढावे लागते, आणि हा कंटाळा ज्याला येणार आहे त्याने या वाटेने जाऊच नये.

तिसरी वाट हब बदलण्याची. काम सर्वांत जास्त, पण ते झाल्यावर गाडीत कुठलाही जास्तीचा जोड उरत नाही. ज्यांच्या गाडीच्या घराण्यात पाच स्टडांची थोरली बहीण आहे, त्यांनी हीच वाट धरावी. फोक्सवॅगन गोल्फच्या तिसऱ्या पिढीत साध्या गाड्यांना ४×१०० आणि व्हीआर६ इंजिनाच्या गाडीला ५×१०० चे हब होते. होंडा सिव्हिकच्या नव्वदच्या दशकातल्या ४×१०० च्या गाड्यांवर इंटेग्रा टाइप आरचे ५×११४.३ चे भाग चढवण्याची रीतही जुनी आणि सुपरिचित आहे. असे नाते नसलेल्या गाडीचा हब केवळ आकाराने जवळ दिसतो म्हणून आणू नये.

दात्या गाडीचे भाग घेताना

ज्या गाडीतून भाग काढून आणायचे ती दाता गाडी, आणि तिचा हब एकटा येत नाही. त्याच्या आतल्या खोबणी, म्हणजे स्प्लाइन, आपल्या ड्राइव्हशाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्सकडून चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या, स्प्लाइनशी संख्येने आणि व्यासाने जुळल्या पाहिजेत. दाते मोजताना पहिल्या दातावर खडूची खूण करावी, नाहीतर पंचवीसच्या पुढे गेल्यावर मोजणी हमखास चुकते. हबाचा जो दांडा बेअरिंगमध्ये शिरतो, त्याचा व्यास आपल्या स्टीअरिंग नकलमध्ये (हब धरणारा आणि स्टीअरिंगबरोबर वळणारा भाग) बसणाऱ्या बेअरिंगच्या आतल्या व्यासाशी तंतोतंत जुळायला हवा. तो जुळत नसेल, तर नकलसकट सारे आणावे लागते. मग बॉल जॉइंटचा निमुळता खुंट, स्टीअरिंगच्या हाताची लांबी, स्ट्रटच्या बोल्टांमधील अंतर आणि शाफ्टची लांबी हे सगळे प्रश्न एकदम उभे राहतात. स्टीअरिंगच्या हाताची लांबी बदलली, तर वळण्याचा कोन आणि खड्ड्यातले चाकाचे वागणे दोन्ही बदलतात, आणि अलाइनमेंट करून ते पूर्ववत होत नाही.

हबाबरोबर त्याच रचनेची डिस्क येते. डिस्क मोठी असेल तर कॅलिपरचा, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा, ब्रॅकेट आणि बहुधा कॅलिपरही येतो. मोठ्या ब्रेकांवर जुने १३ इंची चाक चढत नाही, हे विसरून एका रविवारी गाडी स्टँडवर अडकून पडलेली मी पाहिली आहे. केवळ पुढचे ब्रेक फार मोठे केले, तर पुढच्या-मागच्या ब्रेकांचा तोल ढळतो. म्हणून दात्या गाडीचा संच शक्यतो पुढचा आणि मागचा असा एकत्रच घ्यावा.

एबीएस असलेल्या गाडीत चाकाचा वेग मोजणारी रिंग कुठे आहे, हे आधी पाहावे. जुन्या गाड्यांत ती शाफ्टवर किंवा हबावर दातेरी चक्रासारखी दिसते आणि तिच्या दातांची संख्या सारखीच असावी लागते. नव्या गाड्यांत ती बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकीय पट्टीच्या रूपात असते आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही. हे बेअरिंग उलटे बसवले तरी ते व्यवस्थित बसते, सहज फिरते आणि आवाजही करत नाही. मी पहिल्यांदा तसेच केले होते. गाडी गल्लीच्या टोकाला पोहोचण्याआधी एबीएसचा दिवा लागला, आणि एकदा दाबलेले बेअरिंग पुन्हा वापरता येत नसल्यामुळे ते नवे कोरे बेअरिंग टाकून द्यावे लागले. आता मी बेअरिंगच्या दोन्ही बाजूंजवळ हलकेच एक टाचणी नेतो. ज्या बाजूला ती किंचित ओढली जाते, ती चुंबकीय बाजू सेन्सरकडे येईल असे बेअरिंग धरतो. मोठे लोहचुंबक मात्र त्याच्या जवळपास नेऊ नये.

पुढच्या हबाचे काम

ज्या गाडीवर काम करायचे तिचे दुरुस्ती-पुस्तक समोर असावे, कारण टॉर्कचे, म्हणजे नट किती जोराने आवळायचा याचे, आकडे गाडीगणिक बदलतात आणि ते अंदाजाने ठरवायचे नसतात. जॅक, दोन भक्कम स्टँड, टॉर्क पाना, हबाच्या मोठ्या नटासाठी लांब दांड्याचा पाना, बॉल जॉइंट सोडवायचे साधन, तारेचा ब्रश आणि डायल गेज, म्हणजे बारीकशी हालचाल सुईने दाखवणारे मापक, एवढी हत्यारे लागतात. हायड्रॉलिक प्रेस बहुतेकांकडे नसते. नकल सोडवून ती प्रेस असलेल्या कारखान्यात नेणे हा सरळ मार्ग आहे. हातोड्याने बेअरिंग ठोकून बसवू नये.

१. गाडी चाकांवर उभी असतानाच हँडब्रेक लावून मधला हब नट सैल करावा. तो फार घट्ट असतो आणि गाडी उचलल्यावर त्याच्याशी झगडणे धोक्याचे ठरते. नट ठोकून अडकवलेला असेल, तर आधी ती दुमड छिन्नीने उघडावी. हा नट नवा घ्यायचा असतो, त्यामुळे जुन्याची काळजी नको.

२. गाडी स्टँडवर घेऊन चाक काढावे. कॅलिपर सोडवून तारेने स्प्रिंगला टांगावा. ब्रेकच्या होजवर त्याचे वजन पडता कामा नये. एबीएसचा सेन्सर गंजाने चिकटलेला असेल तर तो वळवून ओढू नये, कारण तो तुटतो. तो नकलमध्येच राहू देऊन वायरचा कनेक्टर सोडवावा.

३. स्ट्रट आणि नकल जिथे बोल्टांनी जोडले आहेत, तिथे रंगाने बारीक रेघ मारावी, म्हणजे जोडताना कॅम्बर (चाकाचा उभा कल) जवळपास पूर्वीइतकाच येतो. मग स्टीअरिंगचा टाय रॉड, खालचा बॉल जॉइंट आणि स्ट्रटचे बोल्ट सोडवून नकल शाफ्टवरून सरकवावी. शाफ्ट बाहेर ओढू नये, नाहीतर गिअरबॉक्सकडचा सांधा आतल्या आत सुटतो. शाफ्ट तारेने बांधून आडवा ठेवावा.

४. प्रेसवर जुना हब दाबून बाहेर काढला, की बेअरिंगच्या आतल्या कड्याचा अर्धा भाग हबाला चिकटून येतो आणि बेअरिंग तिथेच निकामी होते. हीच अपेक्षित गोष्ट आहे. सर्क्लिप, म्हणजे बेअरिंगला जागेवर धरणारी कडी, काढून उरलेले बेअरिंग दाबून काढावे आणि नकलचे भोक साफ करून त्यावर ओरखडे किंवा गंजाचे खड्डे नाहीत ना, हे बोट फिरवून पाहावे.

५. नवे बेअरिंग नकलमध्ये दाबताना जोर फक्त बाहेरच्या कड्यावर पडला पाहिजे. नंतर सर्क्लिप तिच्या खाचेत पूर्ण बसवावी. मग नवा हब दाबताना बेअरिंगच्या आतल्या कड्याला खालून नळीचा आधार द्यावा. हा आधार विसरला, तर सारा जोर गोळ्यांमधून जातो, त्यांच्या वाटेवर सूक्ष्म खळगे पडतात आणि काही दिवसांतच बेअरिंग घोंघावू लागते. हब आत जाताना प्रेसचा काटा सावकाश चढत असतो. हब तळाला टेकला की काटा एकदम वर उसळतो, तिथेच हात थांबवावा.

६. उलट क्रमाने जोडणी करावी आणि नवा हब नट हलकेच लावावा. पूर्ण टॉर्क लावताना साथीदाराने ब्रेक दाबून धरावा. हा नट पूर्ण घट्ट होईपर्यंत गाडीचे वजन त्या चाकावर देऊ नये. बेअरिंगचे दोन अर्धे भाग एकत्र धरून ठेवण्याचे काम तोच करत असतो.

स्टड वेगळे आणून हबात दाबायचे असतील, तर त्यांच्या मानेवरच्या दातेरी पट्ट्याचा व्यास हबाच्या भोकाशी जुळणारा घ्यावा. सैल स्टड नट काढताना हबातच फिरतो, आणि मग तो कापूनच काढावा लागतो.

मागची बाजू

मागे काम कमी असते, निदान ड्रम ब्रेक असलेल्या गाड्यांत. बऱ्याच हॅचबॅकमध्ये मागच्या बीमला चार बोल्टांनी स्टब ॲक्सल लावलेला असतो आणि त्यावर हब-बेअरिंगचा संच चढतो. काही गाड्यांत ड्रम आणि हब एकच ओतीव भाग असतो, तिथे ड्रम बदलला की रचना बदलते. पाच स्टडांच्या बहिणीला मागे डिस्क ब्रेक असेल, तर हँडब्रेकची केबल, होज आणि कधीकधी मास्टर सिलिंडरही बदलावा लागतो. तेव्हा खर्चाचा आकडा पुन्हा एकदा पाहून घ्यावा. ड्रमच्या आतली धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

पुढचे हब पाच स्टडांचे आणि मागचे चार स्टडांचे, अशी गाडी काही दिवस चालवण्याचा मोह काहींना होतो. अशा गाडीत चाकांची अदलाबदल करता येत नाही आणि एक स्टेपनी दोन्हीकडे चालत नाही, म्हणून दोन्ही बाजू पूर्ण होण्याआधी गाडी रस्त्यावर आणू नये.

चाक चढवणे आणि तपासणी

हबाचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासावा. डिस्क लावण्यापूर्वी डायल गेजची सुई फ्लँजच्या कडेजवळ टेकवून हब सावकाश फिरवावा. सुई ०.०५ मिमीच्या आसपास किंवा त्याहून कमी हलली, तर काम चांगले झाले आहे. ती जास्त हलली तर हब वाकलेला आहे किंवा बेअरिंग तिरके बसले आहे, आणि हा दोष पुढे ब्रेक दाबताना पायाला जाणवणाऱ्या धडधडीच्या रूपाने परत येतो.

चाक हबावर ठेवून नट हाताने फिरवावेत. प्रत्येक नट स्टडच्या व्यासाइतक्या लांबीचे आटे तरी धरतो का, हे मोजावे, एम१२×१.५ साठी याचा अर्थ निदान आठ पूर्ण फेरे. नट ताऱ्याच्या क्रमाने, म्हणजे एक सोडून एक, आधी अर्ध्या आणि मग पूर्ण टॉर्कला आवळावेत. पुस्तकात वेगळे सांगितले नसेल, तर आट्यांना ग्रीस किंवा तेल लावू नये. वंगणाने घर्षण कमी होते आणि पाना तोच आकडा दाखवत असताना स्टड कितीतरी जास्त ताणला जातो.

मग स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून चाक होज, स्ट्रट आणि मडगार्डाच्या अस्तराला कुठे लागते का, हे पाहावे. गाडी रिकामी असताना सुटलेली दिसणारी जागा चार माणसे बसल्यावर उरत नाही, म्हणून खालच्या आर्मखाली जॅक लावून सस्पेन्शन पूर्ण दाबून पाहावे. कॅलिपर आणि चाकाच्या आतल्या कडेत निदान तीन मिलिमीटर तरी मोकळे असावेत. चाकावर बॅलन्सिंगची वजने चिकटवायची असतात, हे त्यात धरावे. ब्रेकची लाइन उघडली असेल तर हवा काढावी, पेडल घट्ट झाल्याची खात्री करावी आणि नवे पॅड सावकाश ब्रेक लावत बसू द्यावेत. अलाइनमेंट त्याच आठवड्यात करून घ्यावी.

पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर सर्व नट थंड चाकावर पुन्हा टॉर्क पान्याने तपासावेत. ॲडॅप्टर असेल तर चाके काढून आतले नटही तपासावेत. या फेरीत एखादा नट पाव फेरा फिरला तर घाबरण्याचे कारण नाही, रंगाचा थर दबला की तसे होते. तोच नट पुढच्या तपासणीतही फिरला, तर चाक काढून बैठक पाहावी.

विमा कंपनीला आणि वाहननोंदणी कार्यालयाला अशा बदलाची माहिती द्यावी लागते का, हे काम सुरू करण्यापूर्वीच विचारून घ्यावे. अपघातानंतर सर्वेक्षकाला पाच स्टड दिसणे ही त्यांना सांगण्याची योग्य वेळ नव्हे. स्टेपनीचेही तेच. जुनी चार भोकांची स्टेपनी डिकीत तशीच पडून राहते आणि पंक्चर झालेल्या रात्री तिचा काही उपयोग होत नाही. नव्या रचनेचे पाचवे चाक संचाबरोबरच घ्यावे, ते पुढे मोठ्या ब्रेकवर चढते का हे एकदा प्रत्यक्ष लावून पाहावे, आणि त्याचे नट वेगळ्या बैठकीचे असतील तर ते पिशवीत घालून त्याच चाकाच्या खोबणीत ठेवावेत.